‘७० टक्के गेलेत’ म्हणाले म्हणून मोजून घेतले: ब्रेक पॅड आणि सिंहगड रोडच्या एका छोट्या गॅरेजचा अनुभव

गाडी माझी स्विफ्ट पेट्रोल, २०१७ ची, बहुतेक पुण्यातच चालते, आणि वर्षातून दोन-तीनदा गुहागरला जाणं होतं, उंब्रज पाटण कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून. आई-बाबा मागच्या सीटवर असतात. त्यामुळे ब्रेकच्या बाबतीत मी रिस्क घेत नाही आणि कोणी घ्यावी असंही मला वाटत नाही. पण काळजी वेगळी आणि समोरचा म्हणेल त्याला हो म्हणणं वेगळं. हा फरक मला उशिरा कळला म्हणून सविस्तर लिहितोय.

डिसेंबर २०२४ मध्ये गाडी रेग्युलर सर्व्हिसला दिली होती, ५८,२०० किमी झाले होते. सर्व्हिस सेंटरचं नाव नाही घेत, हा अनुभव बऱ्याच ठिकाणी येतो. दुपारी अॅडव्हायजरचा फोन आला, सर तुमचे फ्रंट पॅड ७० टक्के गेलेत, लगेच बदलून घ्या, आणि त्याबरोबर ब्रेकचं पॅकेज करून टाका. (पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणारे तुकडे, एक आतला आणि एक बाहेरचा.) एस्टिमेट व्हॉट्सअॅपवर आलं. पॅड २,१५०, पॅडची लेबर ८५०, डिस्क टर्निंग (डिस्क मशीनवर घासून सपाट करणे) १,६००, मागचे ब्रेक खोलून साफ करणे ९००, कॅलिपर (पॅड धरून दाबणारा भाग) सर्व्हिस ७५०, ब्रेक ऑइल ९८०, सगळं मिळून ७,२३०, जीएसटी धरून. मी विचारलं किती एमएम राहिलेत, तर म्हणाला सर ७० टक्के वेअर आहे सिस्टिममध्ये. परत विचारलं एमएममध्ये सांगा ना, तर परत तेच. आतला पॅड बघितला का, तर म्हणाला टेक्निशियनने चेक केलंय. चार दिवसांनी गुहागरला निघायचं होतं. खरं सांगतो, दोन मिनिटं वाटलं देऊन टाकावेत पैसे आणि मोकळं व्हावं. २४ हजार किमीला पॅड बदलायचे पैसे असेच देऊन टाकले होते, जुने पॅड डोळ्यांनी पाहिले पण नव्हते, सही केली आणि गाडी घेऊन आलो. ते खरंच झिजले होते का हे आता कधीच कळणार नाही आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

यावेळी फक्त ऑइल-फिल्टर करून गाडी घेतली आणि संध्याकाळी धायरी फाट्याच्या अलीकडे एक पत्र्याच्या शेडचं गॅरेज आहे तिथे गेलो. ऑफिसमधल्या एकाने सांगितलं होतं. काका साठीच्या आसपासचे, त्यांचा मुलगा आणि एक हेल्पर, बास. मी म्हटलं काका बदलायचे नाहीत, फक्त बघून सांगा. ते म्हणाले बघायचं तर चाक काढूनच बघू, वरून बघून काय सांगणार. जॅक लावला, खाली घोडी, म्हणजे वजन पेलणारा लोखंडी स्टँड, लावला (हे महत्त्वाचं आहे, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालणारे खूप बघितलेत), पुढची दोन्ही चाकं काढली आणि खिशातून जाडी मोजायचा व्हर्निअर काढला. मला जवळ बोलावलं, टॉर्च माझ्या हातात दिला आणि म्हणाले आता तुम्हीच वाचा.

बाहेरचा पॅड ६ एमएम, आतला साडेपाच. दोन्ही चाकांना तेवढंच. मोजताना मागची लोखंडी प्लेट सोडून मोजायचं, फक्त मसाला, म्हणजे डिस्कला घासणारा थर, किती उरलाय ते, कारण प्लेटच पाच-एक एमएमची असते आणि ती धरून मोजलं तर संपलेला पॅडही जाड वाटतो. माझ्या गाडीच्या नव्या पॅडला मसाला साधारण साडेदहा एमएम असतो. म्हणजे निम्मा शिल्लक होता.

मग तो ७० टक्केवाला खोटं बोलला का? मी घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा वेगळंच निघालं. ३ एमएम उरला की पॅड बदलायचा असा सर्वसाधारण नियम धरतात, म्हणजे वापरायचा मसाला साडेदहा वजा तीन, साडेसात एमएम. त्यातला पाच गेला होता आणि अडीच राहिला होता. पाच भागिले साडेसात, झाले की ६६-६७ टक्के. म्हणजे त्याचा आकडा त्याच्या हिशोबाने बरोबर होता आणि माझा ‘निम्मा शिल्लक’ पण बरोबर. तोच पॅड, दोन टक्केवाऱ्या. म्हणून टक्के ऐकायचेच नाहीत, एमएम विचारायचे. चूक होती ती ‘लगेच बदला’ म्हणण्यात. कारण २४ हजारपासून ५८ हजारपर्यंत, म्हणजे ३४ हजार किमीमध्ये ५ एमएम गेले, एक एमएमला जवळपास ६,८०० किमी, मग उरलेले अडीच एमएम किती चालतील हा गुणाकार कोणीही करू शकतो. काका म्हणाले, “दादा, दहा-पंधरा हजार आरामात काढतील, फक्त दर पाच हजारला येऊन दाखवत जा.” चेक करायचे १०० रुपये घेतले, ते पण मी बळंच दिले. त्याच पॅडवर गुहागरला जाऊन आलो, घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी धरून उतरलो, काही झालं नाही.

आता दुसरी बाजू पण सांगतो, कारण नुसतं ‘बदलू नका बदलू नका’ करत बसलं तर ते पण धोक्याचं आहे आणि यात माझी चूक आहे. पाच हजारला दाखवायला जायचं ते मी गेलो नाही. ऑफिस, मुलाची शाळा, राहून गेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ६९,५०० च्या आसपास बाबा म्हणाले, पुढून कसला तरी बारीक आवाज येतोय. मला एसी आणि गाण्यांत ऐकूच येत नव्हता. काचा खाली करून सोसायटीच्या भिंतीच्या कडेने हळू गाडी चालवली तेव्हा ऐकू आला, बारीक चींssss असा, शिट्टीसारखा, आणि ब्रेकवर हलका पाय ठेवला की बंद. हा आवाज ओळखून ठेवा. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी पट्टी असते, मसाला दोन-तीन एमएमवर आला की ती डिस्कला घासायला लागते, आवाज करायलाच ती बसवलेली असते. तो आवाज आला म्हणजे ब्रेक गेले असं नाही, पण एक-दोन आठवड्यांत काम करून घ्या. खर्र खर्र असा जाड आवाज आणि पायाखाली घरघर जाणवली तर मसाला संपून लोखंड डिस्कवर घासतंय, तेव्हा गाडी चालवत गॅरेजला जाण्यापेक्षा मेकॅनिकला घरी बोलवा. आणि पावसाळ्यात सकाळी पहिले दोन-चार ब्रेक मारताना जो खसखस आवाज येतो तो डिस्कवर रात्रभरात धरलेल्या गंजाचा, तो आपोआप जातो, त्यासाठी कोणी पॅड बदलायला सांगत असेल तर ऐकू नका. कधीकधी डिस्क आणि मागच्या पत्र्यामध्ये बारीक खडा अडकतो, तो तर इतका भयानक ओरडतो की गाडी आता तुटणार असं वाटतं, आणि निघतो मात्र दोन मिनिटांत.

परत काकांकडे. यावेळी चाकं काढली तर उजव्या बाजूला बाहेर ४.३, आत ३.८, म्हणजे बरोबर हिशोबाप्रमाणे. डाव्या बाजूला बाहेरचा साडेपाच! आणि आतला २. काकांनी तो आतला पॅड काढून माझ्या हातावर ठेवला, अजून कोमट होता. एका टोकाला मसाला जास्त, दुसऱ्या टोकाला निमुळता होत गेलेला, कडेला काचेसारखी चमक, आणि त्या पट्टीचं टोक घासून चकचकीत झालेलं. शेजारी बाहेरचा पॅड ठेवला तर कोणी म्हणणार नाही की हे दोघं एकाच चाकातले आहेत.

कारण काय, तर कॅलिपरची पिन जाम. आपल्या गाड्यांना पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो, तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि मग अख्खा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिनेचं रबर फाटलं, पाणी-चिखल आत गेला, ग्रीस सुकलं की कॅलिपर सरकत नाही, सगळं काम आतल्या पॅडवर पडतं आणि ब्रेक सोडला तरी तो थोडा घासत राहतो. म्हणून बाहेरून, अलॉयच्या मधून मोबाइलचा टॉर्च मारून जे आपण बघतो ना (मी पण मधे दोनदा बघितलं होतं आणि भरपूर आहे म्हणून निश्चिंत होतो) तो बाहेरचा पॅड असतो, खरी गोष्ट आत असते. बाहेरून बघणं चुकीचं नाही, पण बाहेरचा जाड दिसला म्हणून सुटलो असं धरू नका. चाक काढूनच बघा, टायर रोटेशनला (टायर पुढचे मागे बदलताना) चाकं निघतातच तेव्हा सांगायचं आतला पॅड दाखवा म्हणून.

आणि मी मान्य करतो, ज्या कॅलिपर सर्व्हिसला मी आदल्या वर्षी नाही म्हटलं तीच माझ्या गाडीला लागणार होती. सर्व्हिस सेंटरची ती एक ओळ बरोबर होती. त्यांनी पिन दाखवून सांगितलं असतं तर मी नक्की केली असती.

आता पैशाचं, कारण सगळे तेच विचारतात. काकांचं बिल असं, पॅडचा सेट कंपनीचा ओरिजिनल १,५२०, बसवायची लेबर ४५०, पिनांचं रबर-किट १८०, ब्रेक ऑइलची अर्ध्या लिटरची बाटली २९०, ऑइल बदलून एअर काढायचे २५०, मागचे ड्रम (मागच्या चाकांचे डब्यासारखे ब्रेक) खोलून साफ करायचे २००. एकूण २,८९०. काकांनी पार्ट मलाच आणायला सांगितला होता, म्हणाले तुमच्या डोळ्यासमोरचा डबा असला की माझ्या डोक्याला ताप नाही. मी नाना पेठेत जाऊन आणला, तिथे दोन-तीन दुकानांत विचारलं, चांगल्या बाहेरच्या कंपनीचा सेट अकराशे-बाराशेला मिळत होता. तोही चालला असता, पण मी ओरिजिनल घेतला. सहाशे-सातशेला पण काहीतरी दाखवत होते, त्याच्या वाटेला जाऊ नका, ब्रेकमध्ये दोन-चारशे वाचवून काय मिळणार.

सेट म्हणजे चार पॅड, दोन्ही चाकांचे मिळून. एकाने मला फोनवर ‘एका साइडचे १,५००’ असा भाव सांगितला होता, म्हणून भाव विचारताना ‘पुढच्या दोन्ही चाकांचा सेट’ असंच विचारायचं. एकाच चाकाचे बदलायचे नसतात, दोन्ही बाजूचे एकदमच, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. छोट्या हॅचबॅकला माझ्या मते सेटचे हजार-बाराशे ते दोन हजारपर्यंत आणि लेबर ४०० ते ७०० हा रास्त भाव. काम तासाभराचं आहे, त्याला हजार-बाराशे लेबर म्हणजे जास्तच. एसयूव्हीला पार्टचे पैसे जास्त लागतील पण लेबर दुप्पट लागायचं कारण नाही, काम तेच असतं.

एमआरपीचं पण सांगतो. डब्यावरची एमआरपी सगळे कर धरून असते. बिलात आधी एमआरपी आणि वर परत जीएसटी लावला असेल तर तिथेच थांबवा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, त्यामुळे त्याआधीच्या छापील किमतीचा डबा दाखवून तेवढेच पैसे मागत असतील तर विचारा की कमी झालेला टॅक्स कुठे गेला. मला एका दुकानदाराने विचारल्यावर लगेच कमी करून दिले, न विचारता नाही दिले.

डिस्क टर्निंगचे १,६०० वाचले ते तर पूर्णच वाचले. काकांनी डिस्कवरून नख फिरवायला लावलं, बारीक रेघा होत्या पण नख अडकत नव्हतं, कडेला थोडा ओठ आला होता तो घासून काढला. ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल किंवा डिस्कवर खोल चर पडले असतील तर टर्निंगचा विषय येतो, आणि तेव्हासुद्धा डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, टर्निंगनंतर त्याच्या खाली जात असेल तर डिस्क बदलायचीच. पॅड बदलले की टर्निंग पाहिजेच असं काही नसतं. मागच्या ड्रमचे लायनर (ड्रमच्या आत घासणारे पट्टे) पण काकांनी उघडून दाखवले, भरपूर होते, धूळ काढून परत लावले. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना पुढे डिस्क मागे ड्रम असतात आणि जोर जास्त पुढच्यांवर येतो त्यामुळे मागचे लायनर पॅडपेक्षा खूप जास्त चालतात, ‘चारही चाकांचं करून टाकू’ म्हटलं की आधी उघडून दाखवा म्हणायचं.

ब्रेक ऑइलला मात्र मी स्वतःहून हो म्हटलं. ते हवेतलं पाणी शोषतं, दोन वर्षांनी बदलायचं असतं, माझं तीन वर्षं झालं होतं. डॉट ४ ग्रेडचं नवं ऑइल २३० डिग्रीच्या वर उकळतं पण पाणी धरलं की हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो, आणि कुंभार्लीसारख्या घाटात सारखा ब्रेक दाबत उतरलं की ते उकळून वाफ होते आणि पेडल खाली जातं पण ब्रेक लागत नाही. आई-बाबांना घेऊन तो घाट उतरणाऱ्या माणसाने या ५४० रुपयांत काटकसर करू नये. अजून एक, ऑइलची लेव्हल कमी दिसली की पेट्रोल पंपावर किंवा वॉशिंगवाला टॉप-अप करून देतो, तसं करू देऊ नका. पॅड झिजले की लेव्हल आपोआप उतरते, ती उतरलेली लेव्हलच तुम्हाला सांगत असते की पॅड बघ. लेव्हल एकदम घसरली तर मात्र गळती असेल, तेव्हा लगेच गॅरेज. काकांनी पिस्टन आत दाबायच्या आधी सिरिंजने डबीतलं थोडं जुनं ऑइल काढून घेतलं, नाहीतर ते वर येऊन सांडतं आणि रंग खातं. इतकी बारीक काळजी मी सर्व्हिस सेंटरच्या काचेपलीकडून कधी पाहिली नव्हती, पलीकडे जाऊच देत नाहीत.

गॅरेजमधल्या न आवडलेल्या गोष्टी पण सांगायला पाहिजेत. छापील बिल नाही, वहीच्या कागदावर लिहून देतात, मी आग्रह केला तेव्हा त्यावर किमी आणि तारीख टाकली. फोन करतो म्हणून दोनदा केला नाही. शनिवारी गेलात तर दोन-अडीच तास गेले समजा, बसायला एक बाकडं आणि शेजारी चहाची टपरी. हेल्परने ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवली, ती तोंडात जाते, चांगली नसते, मी म्हटलं क्लीनरचा स्प्रे मारा, तर पुढच्या चाकाला मारला. चाकाचे नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) नाही, अंदाजाने पायाने दाबून आवळतात, मी घरी येऊन परत तपासले, नीट होते. आणि पिनांना पण कॉपर ग्रीसच लावायला निघाले होते, मी सिलिकॉनचं नेलं होतं ते लावायला सांगितलं, काकांनी वाईट वाटून न घेता लावलं.

वॉरंटीतली गाडी असेल तर मी अधिकृत सेंटरलाच नेईन, त्यात दुमत नाही. तिथेही चाक काढून समोर दाखवा म्हटलं तर दाखवायला पाहिजे आणि जुने पॅड परत मागितले तर द्यायला पाहिजेत. माझे जुने चारही मी घेऊन आलो. बायको म्हणाली हे कशाला, पण मी डावीकडचे दोन एका पिशवीत घालून ठेवलेत, परवा मेहुण्याला दाखवले, त्याच्या गाडीचे ८० हजार झालेत आणि त्याने आतला पॅड कधी बघितलाच नव्हता. रविवारी त्याला घेऊन जातोय काकांकडे.

काम झाल्यावर काकांनी गाडी सुरू करायच्या आधी पेडल पाच-सहा वेळा दाबून घट्ट करून घेतलं, मग शेडच्या बाहेर चक्कर मारून आणली आणि सांगितलं पहिले दोन-तीनशे किमी जोरात ब्रेक मारू नका, पॅड डिस्कवर बसू देत. पहिले दोन दिवस ब्रेक थोडा कमी धरतोय असं वाटलं आणि मसाल्याचा किंचित वास आला, नंतर गेला. यावेळी पाच हजारच्या आधीच, साडेतीन हजार किमी झाल्यावर दाखवून आलो. डावा आतला १०, डावा बाहेरचा १०, उजवीकडे पण दोन्ही १०. पिन बोटाने सरकतेय.